डिरेकची अँब्युलन्स

पुरिंगमावशी त्या सकाळी अंगणात बसून मासे चिरत होती. सुकवायचा मासा पाठीकडून चिरायचा, मग तो पुस्तकासारखा उघडून मिठात घालायचा आणि बांबूच्या ताटीवर उन्हात टाकायचा. तिची लेक जेसलिन पायरीवर बसली होती. दिवस भरलेले, पाय सुजलेले, आणि तोंड मात्र नेहमीसारखंच सुटलेलं.

"आई, आज फार जड वाटतंय गं."

"वाटणारच. तुझ्या नवऱ्याच्या घराण्यात सगळ्यांची डोकी कलिंगडाएवढी. आत काही नाही ती गोष्ट वेगळी."

जेसलिन पोट धरून हसली. तिचा नवरा आर्नेल बाजारात झाडू मारायला गेला होता. नोकरी सरकारी, पण ती लावून दिली होती काल्देरासांनी, आणि हे सांगायला कोणी विसरत नसे.

आमच्या सान तेलेस्फोरोत सगळंच काल्देरासांनी दिलेलं असतं. शाळेचं छप्पर त्यांनी दिलं, धक्का त्यांनी बांधला, मेलेल्याला पेटीही त्यांनीच पाठवायची. पैसा आमच्या करातला, पण प्रत्येक वस्तूवर त्यांचा हसरा चेहरा. थोरले काल्देरास आमचे नगराध्यक्ष होते. कायद्याने एका माणसाला सलग तीनदाच बसता येतं, म्हणून तीनदा झाल्यावर त्यांनी बायकोला बसवलं. बायकोचं झाल्यावर थोरल्या मुलाला. थोरल्याचंही झालं, तेव्हा घरात शिल्लक राहिला धाकटा लिसांद्रो. खुर्ची तीच, नुसती बुडं बदलायची.

हा लिसांद्रो मनिलात टीव्हीचा डायरेक्टर होता. डायरेक्टरचं आमच्याकडे 'डिरेक' होतं, तेव्हा गावासाठीही तो डिरेकच. त्याचा कार्यक्रम रोज दुपारी लागायचा. कोणीतरी गरीब यायचं, आपली कर्मकहाणी सांगायचं, रडायचं आणि तांदळाचं पोतं नि टेबलफॅन घेऊन घरी जायचं. कोणाला रडू येईना झालं, तर डिरेक स्वतः त्याच्या शेजारी बसून हळूच विचारायचा, "आई आहे का हो तुमची?" लागलीच धार सुरू. आमच्या बायका डोळे पुसत बघायच्या आणि म्हणायच्या, किती मायाळू माणूस. माया कसली? माणसाचं दुःख पिळायचं आणि त्याला पंखा द्यायचा, हा धंदा होता. याच धंद्याच्या जोरावर तो नगराध्यक्षपदाला उभा राहिला. निवडूनही आला, हे आत्ताच सांगून टाकतो. ही गोष्ट त्याच्या निवडणुकीची नाही.

तर त्या सकाळी पुरिंगमावशीच्या दारात बेबेत आली. आमच्या वस्तीत बेबेत म्हणजे काल्देरासांचे डोळे, कान आणि हात. कोणाकडे मयत आहे, कोणाकडे बाप्तिस्मा आहे, कोण विरोधकांकडे जेवून आलं, सगळं तिच्यामार्फत मोठ्या घरी पोचतं. तिच्या छत्रीवरसुद्धा डिरेकचा फोटो.

"मावशी, हात धू. डिरेकनं तुला निवडलंय."

"कशाला गं बाई? लग्नाला?"

"प्रचाराच्या फिल्मला! तू आजारी म्हातारी. अँब्युलन्स येणार, डिरेक स्वतः उडी मारून उतरणार, तुला उचलून आत ठेवणार. तुझा चेहरा बघितला की रडू येतं म्हणतात."

"माझ्या नवऱ्यालाही यायचं," मावशी म्हणाली. "पण आज नको. हिचे दिवस भरलेत. कधी काय होईल सांगता येत नाही."

"अगं, चौकात तर जायचंय! हाकेच्या अंतरावर. आणि काय गं, तुझा नवरा गेला तेव्हा पेटी कुणी दिली होती?"

झालं. हा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारला की माणसाची मान खाली जाते. कर्ज फेडता येतं, उपकार फेडता येत नाही, अशी आमची शिकवण. बाप मेला तर त्याचा उपकार मुलावर येतो, मुलाचा नातवावर. काल्देरासांच्या घरात खुर्ची वारशाने चालते आणि आमच्या घरात मिंधेपणा. आम्ही त्याला संस्कार म्हणतो. मी त्याला दावं म्हणतो.

जेसलिनच म्हणाली, "जा गं आई. नाही गेलीस तर आर्नेलच्या नोकरीवर येईल. मला काही झालं तर शेजारच्यांना हाक मारीन." मावशीने हात धुतले, केस बांधले आणि बेबेतच्या मागून निघाली.

गावात अँब्युलन्स एकच. ती दवाखान्यात उभी राहात नाही, मोठ्या घराच्या अंगणात उभी राहते. कोणाला हवी असेल तर आधी बेबेतला सांगायचं, बेबेत तिथे फोन लावणार, तिथून हो आलं की गाडी सुटणार. आजवर या रीतीला कोणी नावं ठेवली नव्हती. मोठ्या घरच्या माणसाला विचारायला नको का, असंच सगळे म्हणायचे. गाडीच्या दोन्ही अंगांना थोरल्या भावाचा चेहरा होता, तो खरवडून आता डिरेकचा रंगवला होता.

चौकात दोरी बांधून लोकांना मागे रोखलं होतं. फोन वाजला की आवाज बिघडतो, म्हणून सगळ्यांचे फोन एका टोपलीत गोळा केले. मावशीचाही घेतला. तिला स्ट्रेचरवर झोपवलं, अंगावर फाटकी चादर टाकली. चादर नवीच होती, ती कात्रीने फाडून घेतली होती.

डिरेक आला. गोरा, हसतमुख, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. त्याने मावशीचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतला. "मावशी, तुम्ही फक्त कण्हायचं. बाकी मी बघतो."

भोंगा वाजवत गाडी आली, डिरेकने उडी मारली, मावशीला उचललं. मग म्हणाला, पुन्हा. ढग आला होता. ढग जायची वाट बघितली. पुन्हा भोंगा, पुन्हा उडी. या खेपेला मध्येच कुत्रं आलं. त्याच्यापुढच्या खेपेला मावशीचं कण्हणं त्याला पटलं नाही. तो तिच्या शेजारी बसला आणि मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, लेक आहे ना तुम्हाला? तिचा विचार करा." मावशीला खरंच हुंदका आला. डिरेक खूश झाला.

इकडे घरी जेसलिनची पाण्याची पिशवी फुटली, आणि पाण्यामागून रक्त आलं. शेजारणीने ते बघितलं. तिने मुलाला बाजारात पिटाळलं. आर्नेल झाडू टाकून घरी आला, बायकोला बघितलं आणि तसाच चौकाकडे धावत सुटला.

दोरीपाशी बेबेतने त्याला अडवलं. "थांब, थांब! शॉट चालू आहे!"

"बेबेतताई, गाडी पाहिजे. जेसलिनला रक्त जातंय. खूप जातंय."

बेबेत काही दगड नव्हती. तिचा चेहरा उतरला. ती वाकून कॅमेऱ्याच्या मागून डिरेकपर्यंत गेली आणि त्याच्या कानाशी बोलली. डिरेकने आभाळाकडे बघितलं. ऊन आत्ता कुठे मनासारखं पडलं होतं.

"बाळंतपणच ना? पहिलटकरणीला वेळ लागतो. हा एक शेवटचा घेतो आणि गाडी सोडतो. तोवर रिक्षात घालून निघा म्हणावं, वाटेत गाठू."

मावशी तेव्हा गाडीत, स्ट्रेचरवर होती. जावई दोरीला लटकून हाका मारत होता, "आई! आई!" पण भोंगा डोक्यावर वाजत होता. तिला काही ऐकू आलं नाही. ती मन लावून कण्हत होती.

दवाखाना शेजारच्या गावात, आणि रस्ता नदीच्या कडेने खड्ड्याखड्ड्यांचा. तीनचाकी रिक्षात जेसलिनला आडवंही होता येईना. आर्नेलने तिला मांडीवर धरलं होतं. अँब्युलन्सने त्यांना वाटेत काही गाठलं नाही, कारण शेवटच्या शॉटनंतर डिरेकला आणखी एक शेवटचा हवासा वाटला. दवाखान्याच्या दारात पोचली तेव्हा जेसलिन जिवंत होती. डॉक्टरांनी मुलीला काढलं. मुलगी रडली, आई गेली. थोडं आधी आणता आलं नाही का, असं डॉक्टरांनी आर्नेलला विचारलं.

मयत आमच्याकडे घरात ठेवतात. दिवसरात्र लोक येतात, कॉफी, बिस्किटं, पत्ते चालतात, म्हणजे मेलेलं माणूस एकटं पडत नाही. दुसऱ्याच दिवशी मोठ्या घरून पेटी आली. पांढरी, गुळगुळीत, वर काच. फुलांची मोठी रास आली, तिच्यावर आडवी पट्टी आणि पट्टीवर जेसलिनच्या नावाच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत डिरेकचं नाव. पुरिंगमावशी पेटीपाशी बसून होती. चौकात काय झालं ते आर्नेलने तिला सांगितलं होतं. रडत नव्हती. शेजारणीने मांडीवर दिलेली नात तेवढी बघत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी डिरेक स्वतः आला. बरोबर बेबेत आणि एक कॅमेरावाला. घर माणसांनी भरलेलं. डिरेक पेटीपुढे गुडघे टेकून बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला यायचंच. मग तो मावशीजवळ सरकला.

"मावशी, शब्द नाहीत माझ्याकडे. पण ही पोर वाचली. देवाची कृपा. बाप्तिस्म्याला हिचा धर्मपिता मी होईन. दूध, शाळा, कॉलेज, सगळं माझ्याकडे. तुम्ही दोन शब्द बोला फक्त. डिरेकच्या गाडीमुळे नात वाचली, एवढं."

"गाडी नव्हती," मावशी म्हणाली.

"तपशील कोण बघतो, मावशी? लोकांना आशा पाहिजे."

आर्नेल तिच्या कानाशी वाकला. तो रडवेला झाला होता. "आई, बोलून टाका. पोरीला दूध लागेल. माझी नोकरी..."

मावशीने मांडीवरच्या पोरीकडे बघितलं. तिसऱ्या दिवसाचं ते लेकरू. आज होय म्हटलं की तिच्या गळ्यात दावं पडलं. उद्या ती मोठी होणार, आणि कोणीतरी बेबेत दारात येऊन विचारणार, तुझं दूध कुणी दिलं गं? मग ही मान खाली घालून निघणार, जिथे बोलावतील तिथे. मावशीला हे सगळं तिथे बसल्याबसल्या दिसलं.

"कॅमेरा चालू आहे का?" तिने विचारलं.

"चालू आहे, मावशी. बोला."

"मी पुरिफिकासियोन, वस्तीची पुरिंग. माझी लेक रक्त जाऊन मेली. तिला न्यायची गाडी चौकात होती. गाडीत मी होते, आजाऱ्याचं सोंग घेऊन. जावई हाका मारत होता आणि हा माणूस ऊन बघत होता."

"बंद कर," डिरेक कॅमेरावाल्याला म्हणाला. मग हात जोडून मावशीला, "तुम्ही दुःखात आहात. मी समजू शकतो."

"तू नको समजूस. धर्मपिता तिला शेजारचा तेओफिलो होईल, होड्या बांधणारा. दुधाचं आम्ही बघू. मी मासे विकीन, झाडू नाही मारता आला तर आर्नेल हमाली करील. तिच्यावर तुझा उपकार नको."

बेबेत पुढे झाली. "मावशी, अगं ज्यांनी पेटी दिली त्यांना असं..."

"पेटी राहील!" मावशी पहिल्यांदाच ओरडली. "पेटी आमचीच आहे. गाडीही आमचीच होती. गावाच्या पैशाची वस्तू गावालाच द्यायची, वर आपलं तोंड चिकटवायचं, आणि आम्ही जन्मभर पाया पडायचं! तुझ्या बापाने हेच केलं, आईने केलं, भावाने केलं. माझ्या नवऱ्याच्या पेटीची किंमत तुम्ही माझ्या लेकीकडून घेतलीत. आता नातीकडून नाही मिळायची."

पत्ते खेळणाऱ्यांचे हात तसेच राहिले. डिरेक उठला, चेहऱ्यावर तेच समजूतदार हसू. "येतो मी. नंतर शांतपणे बोलू." तो दाराकडे वळला.

आणि पुरिंगमावशी उठली.

आमच्याकडे मयताच्या घरून कोणी निघालं की घरच्यांनी जागचं उठायचं नसतं. दारापर्यंत पोचवायला जायचं नाही, 'पुन्हा या' असंही म्हणायचं नाही. पोचवलं तर मरण त्या पाहुण्याच्या पाठोपाठ जातं. आडदांडातला आडदांड माणूसही ही रीत मोडत नाही. लहानपणापासून डिरेकलाही ती ठाऊक होती.

मावशी नातीला छातीशी धरून त्याच्या मागे चालायला लागली.

"मावशी, बसा," तो म्हणाला. हसू गेलं होतं. "बसा ना. काय करताय?"

"पोचवते."

"बेबेत, धर त्यांना!"

बेबेतने हात पुढे केला आणि आखडून घेतला. डिरेक घाईघाईने पायऱ्या उतरला. मावशी एकेक पायरी उतरली. मागून आर्नेल उठला. मघाशी नोकरीसाठी रडवेला झालेला तो पोरगा, फुलांवरची नावाची पट्टी उपटून हातात घेऊन निघाला. मग त्या दिवशी मुलाला बाजारात पिटाळणारी शेजारीण उठली. तिच्या सासऱ्याची पेटीही मोठ्या घरची होती. मग पत्ते ठेवून तेओफिलो उठला. सगळेच घरचे झाले. वस्तीत असं एकही घर नव्हतं ज्याच्या मयताला त्या घरची पेटी आली नव्हती, आणि ती सगळी घरं डिरेकला पोचवायला गाडीपर्यंत चालत गेली.

त्याने आत बसून काच वर केली. मावशी काचेशी वाकली.

"मी तुला शाप देत नाहीये," ती म्हणाली. "हे मरण तू घेऊन आला होतास. तुझं तू घेऊन जा."

गाडी गेल्यावरही बेबेत रस्त्यातच उभी होती. तिला कोणी हाकलली नाही. मावशी परत फिरली, तेव्हा बेबेतने डिरेकचा फोटो असलेली छत्री मिटून कुंपणाला टेकवली आणि ऊन लागू नये म्हणून पोरीच्या डोक्यावर आपला रुमाल पदरासारखा धरत तिच्याबरोबर घरात शिरली. आत जाऊन ती कॉफी करायला बसली, कारण संध्याकाळी आणखी माणसं यायची होती.