आपली स्मृती अपुरी आहे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. ‘जुना’ हे विशेषण मी स्वतःला लावलेलं नाही. ते मला वरून कळवण्यात आलं, आणि कसं कळवण्यात आलं हीच माझी गोष्ट आहे. माझी जन्मतारीख माझ्या पाठीवर चिकटवलेली आहे, त्यामुळे मला वय चोरण्याची सोय नाही. सध्या मी एका रंगाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, रिकाम्या डब्यांच्या शेजारी, गळ्यात वायर गुंडाळून बसलो आहे. बंद यंत्र कसं काय बोलतं, असं विचारू नका. गप्प बसवलेली माणसंसुद्धा बोलतातच की. ऐकणारा लागतो, एवढंच.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फार काही नाही. माझे अवयव वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झाले आणि त्यांची एकमेकांशी तोंडओळखही नव्हती. एका दुरुस्तीवाल्यानं त्यांना पत्र्याच्या एका पेटीत दाटीवाटीनं बसवलं, स्क्रू आवळले आणि तो म्हणाला, “होईल.” हा गृहस्थ प्रत्येक गोष्टीला ‘होईल’ म्हणतो. चालू होईल का? होईल. उद्यापर्यंत होईल का? होईल. त्याचं खरं नाव त्याच्या घरच्यांना माहीत असावं. बाजारात सगळे त्याला ‘होईल’च म्हणतात. त्याच्या शब्दाला मान देऊन मी झालो.

मग मी या दुकानाच्या काउंटरवर आलो. माझ्या एका बाजूला रंग मिसळायचं यंत्र होतं, आणि पलीकडे डबे घुसळायचं. ते घुसळायचं यंत्र सुरू झालं की दुकानातली साधी विचारपूसही भांडणासारखी ऐकू यायची. पांढऱ्या रंगाच्या डब्यात कोणता रंग किती पडायचा ते सांगणं, आणि कोणी कोणता रंग नेला ते लक्षात ठेवणं, हे माझं काम. मी ते चोख करत असे.

दुकानाचे मालक म्हणजे काका. अख्खा बाजार त्यांना काकाच म्हणतो. त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. माल आणि हिशेब त्यांची मुलगी बघते, पण काउंटर काकांचा. रंगांना कंपनी आकडे देते, ते काकांना कधीच पटलं नाही. “आकडा काय भिंतीला फासायचा?” असं म्हणून ते प्रत्येक रंगाला नाव द्यायचे आणि माझ्यात लिहून ठेवायचे. निळा की हिरवा यावरून एका नवराबायकोची दुकानातच जुंपली, तेव्हा अधलामधला जो रंग काकांनी काढून दिला, तो माझ्याकडे ‘समेट’ या नावानं आहे. एका गृहस्थांनी पुन्हा पुन्हा बदलून नेलेला ‘सासूबाईंचा पिवळा’ आहे. शेजाऱ्याच्या भिंतीचा पोपडा गुपचूप काढून आणून त्यावरून जुळवलेला ‘उसना राखाडी’ आहे.

लोक तोंड भरून कौतुक करायचे. “काय यंत्र आहे हो!” असं कोणी म्हटलं की माझा पंखा जोरात फिरू लागे. लोकांना वाटे, मी तापलो. मी फुगलेला असे.

मित्रांनो, आता जे सांगतो ते बरीच वर्षं फक्त दोघांना माहीत होतं. काकांना आणि मला.

काका विसरू लागले होते. रंग नव्हे, रंग त्यांच्या बोटांत होता. ते माणसं विसरू लागले होते. आणि दुकानात येणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. उंबऱ्यावर उभं राहून, कमरेवर हात ठेवून तो विचारतो, “काय काका, ओळखलंत का?” ही चौकशी नसते, परीक्षा असते, आणि परीक्षक मोठ्या आनंदात असतो.

काकांनी त्यावर एक तोड काढली होती. ते हसून म्हणायचे, “म्हणजे काय! फोन नंबर तोच ना तुमचा? सांगा बघू, खात्री केलेली बरी.” माणूस नंबर सांगायचा. काका एकेक आकडा माझ्यात दाबायचे. मी क्षणाचाही विलंब न लावता त्याचं नाव, घराची गल्ली आणि मागच्या वेळचा रंग समोर ठेवायचो. मग काका चष्म्यावरून त्याच्याकडे बघून म्हणायचे, “बैठकीची खोली बदामी, आणि दारं तपकिरी. पोपडे नाही ना धरले?” माणूस चाट पडायचा. “या वयात काय स्मरणशक्ती आहे!” असं म्हणत निघून जायचा. काका माझ्या डोक्यावर हलकेच टिचकी मारायचे आणि म्हणायचे, “वाचलो रे लेका.”

मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला ते कळू नये, यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. तिला कळलं की काउंटर सुटणार, असं काकांच्या मनानं घेतलं होतं. आणि काउंटरशिवाय आपण कोण, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

एके दिवशी सकाळी त्यांनी मला सुरू केलं, आणि माझ्या पडद्यावर एक निळी चौकट उगवली. मी ती लिहिलेली नव्हती. ती बाहेरून, तारेतून आली होती. तिच्यात लिहिलं होतं :

‘नवी प्रणाली उपलब्ध आहे. आपण तिच्यासाठी पात्र नाही. कारण : आपली स्मृती अपुरी आहे. आपली गती अपुरी आहे. आपण जुन्या पिढीतील आहात.’

कुठल्याशा कचेरीत बसून कोणीतरी हे मराठीत केलं असणार. मूळ मजकूर बिचाऱ्या संगणकाबद्दल असेल. पण करणारा सभ्य माणूस दिसतो. त्याला वाटलं, वाचणाऱ्याला अहोजाहो केलेलं बरं. म्हणून त्यानं सगळीकडे ‘आपण’ आणि ‘आपली’ घातलं. एवढ्या आदरानं कोणी कोणाचा गळा कापलेला मी पाहिलेला नाही.

काकांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. तो त्यांनी काढून घेतला.

चौकटीखाली एकच बटण होतं : ‘नंतर आठवण करून द्या.’ दुसरा काही इलाज नव्हता म्हणून त्यांनी ते दाबलं. ती चौकट दिलेल्या शब्दाची फार पक्की निघाली. थोड्या वेळानं तिनं आठवण करून दिली. पुन्हा दिली. एकदा तर ऐन गर्दीत दिली, आणि काउंटरवर वाकून एक बाई विचारू लागल्या, “काय लिहिलंय हो एवढं मोठं?”

“काही नाही, जाहिरात आहे,” असं म्हणून काकांनी रंगांचं माहितीपत्रक माझ्या तोंडावर उभं केलं.

दुपारी दुकान रिकामं झालं. काकांनी ते पत्रक बाजूला केलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

“तू पण?” ते म्हणाले. “माझंच मीठ… जाऊ दे, तू कुठं काय खातोस. पण असं चारचौघांत, लेका? मला एकट्याला सांगायचंस.”

माझ्यात शेकडो नावं होती, हजारो रंग होते. ‘काका, हे माझ्याबद्दल आहे, तुमच्याबद्दल नाही’ एवढं एक वाक्य नव्हतं. त्यांनी मला बंद केलं, चपला घातल्या आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत. गुडघा दुखतो, असा निरोप होता.

मुलगी एकटीच दुकान सांभाळू लागली. चौकट तिलाही छळत होती, पण तिनं ती नीट वाचलीसुद्धा नाही. तुम्ही मुलं ज्या चपळाईनं असल्या चौकटी मिटवता, तशी ती मिटवायची. शेवटी वैतागून तिनं ‘होईल’ला बोलावलं.

‘होईल’नं मला तपासलं. स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं, माझ्या पोटातली वर्षानुवर्षांची धूळ फुंकली आणि तो स्वतःच शिंकला.

“नव्या प्रणालीचे नियम कडक आहेत, ताई,” तो म्हणाला. “साठवायला जागा आहे याच्यात, तेवढ्यात पास. मेमरी कमी आहे, पण ती एक पट्टी घातली की वाढते. प्रोसेसर मात्र त्यांना या पिढीचा चालत नाही. आणि सुरक्षेची एक चिप लागते, ती याच्या बोर्डावर नाहीच, बसवायला जागाही नाही.”

“मग आहे तीच जुनी प्रणाली राहू दे की.”

“तिची राखण बंद होणार आहे. म्हणजे दार उघडं टाकून झोपायचं. आणि रंगवाली कंपनी पण पुढचं सगळं नव्यावरच देणार म्हणते.”

“सरळ सांगा ना, होणार नाही म्हणून.”

‘होईल’नं डोकं खाजवलं. तो शब्द त्याच्या तोंडातून निघेना. “नवा घेतलात,” तो म्हणाला, “तर होईल.”

मी काकांचा लाडका, म्हणून मुलीनं त्यांना विचारायला फोन लावला. “बाबा, तो काउंटरवरचा बदलायला लागणार. नव्या प्रणालीला पात्र नाही म्हणे. मेमरी कमी, पिढी जुनी.”



“कोण पात्र नाही?” काकांनी विचारलं.

“अहो, हा आपला संगणक! दुसरं कोण?”

फोन बंद झाला. थोड्याच वेळात काका स्वतः दारात उभे. घरातल्या चपला, शर्टाचं एक बटण खालीवर. गुडघा अजिबात दुखत नव्हता. ते माझ्याकडे बघून असे हसले, जणू परीक्षेत नापास झालेल्या मुलाला कोणी सांगावं, अरे, ती गुणपत्रिका शेजारच्याची होती.

ते काउंटरमागे येऊन बसले, तेवढ्यात रंगारी आत आला. हा रंगारी मिसरूड फुटल्यापासून या दुकानात येतो. काका त्याला ‘अरे’ म्हणतात, ‘गाढवा’ म्हणतात, ब्रश धुतला नाही म्हणून त्यांनी एकदा त्याचा कानही धरला आहे. काकांना इतक्या दिवसांनी बघून त्याला आनंद झाला. दारात थांबून, कमरेवर हात ठेवून तो मोठ्यानं म्हणाला, “काय काका! ओळखलंत का?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

माझं झाकण उघडं होतं. वायर सुटलेली होती. माझा पडदा काळा होता, आणि त्यात त्यांना त्यांचाच चेहरा दिसत होता.

बोटं सवयीनं बटणांपाशी गेली आणि तिथेच थांबली. मग काका सावकाश उठले. समोरची खुर्ची त्यांनी हातानं झटकली आणि अत्यंत आदरानं म्हणाले, “या ना. बसा आपण.”

रंगारी हसला. त्याला वाटलं, काका टोमणा मारतायत. मग त्यानं त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. तीस वर्षं शिव्या खाल्लेल्या माणसाला ‘आपण’ किती लागतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. ‘होईल’ हातात स्क्रू धरून तसाच उभा राहिला.

रंगाऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. तो खुर्चीत बसला. आणि पहिल्यांदाच दुकानात आलेला माणूस जसा बोलेल, तसा तो म्हणाला, “नमस्कार काका. मी रंगारी. पुलापलीकडे राहतो. रंग तुमच्याकडूनच नेतो.”

“बरं करता,” काका म्हणाले. “ब्रश धुता ना पण वेळच्या वेळी?”

“धुतो काका,” असं म्हणून रंगारी डब्यांच्या रांगेकडे बघत बसला.

मुलीनं वडिलांच्या शर्टाचं ते बटण सोडवून नीट लावलं. मग हळूच विचारलं, “बाबा, कधीपासून?”

“ते आठवलं असतं,” काका म्हणाले, “तर तक्रार काय होती?”

तिला हसू आलं, आणि नंतर हसू आलं नाही. काकांनी त्या निळ्या चौकटीची सगळी हकिगत तिला सांगितली. शेवटी म्हणाले, “त्याच्याबद्दल लिहिलं होतं, हे कळल्यावर मी धावत आलो. पण खोटं कुठं होतं त्यात? आता काउंटर तू घे.”

“काउंटर तुमचाच,” मुलगी म्हणाली. “मी शेजारी बसते.”

पुढे त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि खरं ते सांगितलं. माणसाच्या स्मृतीची पट्टी अजून बाजारात आलेली नाही. माझ्या जागी नवा संगणक आला. चपळ आहे, सगळ्या अटींत बसतो. जाताना ‘होईल’नं माझी वायर स्वतःच्या हातानं गुंडाळली आणि मला या खोलीत आणून ठेवलं.

इथून दुकान दिसत नाही, पण ऐकू येतं. गिऱ्हाईक उंबऱ्यावर आलं की आता परीक्षा घेत नाही. रंगाऱ्यानं बाजारभर काय सांगितलंय, कोण जाणे. जो तो आत पाऊल टाकतानाच म्हणतो, “काका, मी कोपऱ्यावरचा शिंपी. मागच्या वेळी शेवाळी नेला होता.” किंवा, “काका, मी दवाखान्यातली नर्स. खिडक्यांसाठी आले.” काका म्हणतात, “या, या.” रंग अजूनही तेच जुळवतात, आणि मुलगी शेजारी बसून नव्या संगणकात नाव घालते. एखाद्या दिवशी ते रंगाऱ्याला ‘गाढवा’ म्हणतात. त्या दिवशी रंगारी फार वेळ बसतो.

तर मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, धूळ पुसा, पाणी सांडू नका, हे तुम्हाला तुमचे गुरुजी सांगतीलच. माझं मागणं वेगळं आहे. नव्या प्रणालीला अटी असतात, त्या असू द्यात. आम्ही यंत्रं त्यासाठीच असतो, अटीत बसलो नाही की उठतो. माणसाला मात्र अट घालू नका. तुमच्याही घरी कोणी असेल, आजोबा, आत्या, मोठी मावशी. त्यांच्यासमोर उभं राहून ‘सांगा बघू, मी कोण?’ असं विचारू नका. विचारण्याआधी आपलं नाव सांगा. ऐकू येईल असं सांगा, काल सांगितलं असलं तरी सांगा. आणि त्यांनी तुम्हाला परक्यासारखं ‘बसा आपण’ म्हटलं, तर उठून जाऊ नका.

बसा.