मेजरचं वजन

महिपतीचं गावात वजन होतं. लोहगडवाडीच्या खालच्या अंगाच्या त्या एवढ्याशा वाडीत वजन कुणाचं, हे ठरवायला तराजू लागत नसे. चैत्रातल्या जत्रेत भैरोबापुढं पहिला नारळ जो वाढवी, त्याचं वजन. बाकीच्यांना नुसतं अंग. हा मान महिपतीच्या घरात आजोबापासून होता आणि त्याखेरीज सांगण्यासारखं त्या घरात फारसं काही नव्हतं, ही गोष्ट महिपतीला स्वतःला पक्की ठाऊक होती. म्हणून तर तो नारळाला इतका जपायचा.

आता ह्या वजनावर घाला पडला तो महिपतीच्याच नवसामुळं. शेजारच्या अंबाजीशी बांधावरून त्याचा दावा चालला होता. निकाल माझ्या बाजूनं लागू दे, तुझ्या नावानं गोऱ्हा सोडीन, असं तो भैरोबाला बोलून बसला. निकाल लागला, गोऱ्हा सुटला आणि दोन-तीन वर्षांत त्याचा डोंगराएवढा वळू झाला. देवाला सोडलेल्या जनावराला वेसण घालायची नाही, दावं लावायचं नाही, काठी तर दाखवायचीसुद्धा नाही. हे नियम गावाला माहीत होते आणि वळूला तर तोंडपाठ होते. तो भर दुपारी कुणाच्याही हरभऱ्यात शिरे, पोटभर खाई आणि उरलेल्यावर लोळे. सुरुवात मात्र नेमानं अंबाजीच्या वावरापासून करी. कोर्टाचा निकाल जनावरालाही कळला होता, असं महिपती गमतीनं म्हणायचा. अंबाजीला ह्यातली गंमत काही दिसली नाही.

"वळू तुजा, तू आवर," अंबाजी देवळात सगळ्यांदेखत म्हणाला. "न्हाईतर ह्या साली नारळ आमी वाढवू."

आणि ज्यांच्या हरभऱ्यात वळू लोळला होता त्यांनी, म्हणजे सगळ्या गावानंच, माना डोलावल्या. महिपती घरी आला तो जेवलाच नाही. नारळ गेला तर मागं आपण किती उरतो, ह्याचा त्याला अंदाज होता, आणि तो अंदाज त्याला सोसत नव्हता.

साहेबाचं राज्य तेव्हा चालूच होतं, पण खंडाळ्याच्या बंगल्यांतले म्हातारे साहेब एकेक करून पेन्शनीत निघायला लागले होते. अशाच एका साहेबाकडं लोणावळ्याचा रज्जाक खानसामा होता. कोंबड्या घ्यायला तो वाडीवर यायचा. ह्या खेपेला आला तो म्हणाला, साहेब विलायतेला चाललाय, दोन बुलडॉग मागं राहणार आहेत, कुणी चांगला माणूस असला तर सांगा.

"बुलडाग म्हंजी?" महिपतीनं विचारलं.

"बुल म्हनजे वळू, डॉग म्हनजे कुत्रा. त्यांच्या मुलखात पूर्वी वळू धरायला ठेवायचे."

महिपती बसल्या जागी ताठ झाला. देवानं मनाई केली होती ती माणसाला. कुत्र्याला कुणी काही म्हटलं नव्हतं. त्यानं लगेच गेणू गुरवाला गाठलं. गेणूनं डोळे मिटून बराच विचार केला आणि निवाडा दिला, की कुत्र्याला धर्म नसल्यामुळं त्याच्या हातून अधर्म होऊ शकत नाही. गेणूचा हरभराही वळूनं खाल्ला होता, त्यामुळं शास्त्र फार लांब शोधावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी महिपती खंडाळ्याला गेला. बंगल्याच्या पायरीवर दोन जनावरं होती. एक टिकली, बुटकी, आटोपशीर, अंगावर चरबीचा लवलेश नाही. दुसरा मेजर. मेजरचं डोकं घमेल्याएवढं, छाती दारात मावणार नाही अशी, आणि तो नुसता श्वास घेई तेव्हाही भाता चालल्यासारखं वाटे.

"भाऊ, कामाला ही घ्या," रज्जाक टिकलीकडं बोट दाखवून म्हणाला. "हलकी हाय, बुटकी हाय. जनावराच्या शिंगाखालनं आत शिरती. साहेबाच्या बागेत डुकरं यायची ती हिनंच धरली. मेजर काय, बसायला चांगला."

"वळूम्होरं ही चिचुंद्री हुबी करू व्हय?"

"आता कसं सांगू? साहेबलोकांतबी हाच तंटा हाय. काम करून घेणारे म्हनतात हलकं पायजे, बक्षिसं मिळवनारे म्हनतात जड पायजे."

"मंग बक्षीस मिळवनाऱ्याचंच खरं आसंल की," महिपती म्हणाला, आणि त्यात त्याला काही चूक दिसली नाही.

तळेगावच्या बाजारात बैल पारखावा तसा त्यानं मेजर पारखला. जबडा उघडून दात पाहिले. मानेखालची लोंबती कातडीची पोळी मुठीत धरून पाहिली. पाठीवर हात फिरवून केसांतले भोवरे शोधले आणि खांद्याजवळचा एक भोवरा नेमका धन्याला मान मिळवून देणारा निघाला. असा भोवरा बैलाला असावा लागतो, कुत्र्याला नव्हे, हे सांगायला तिथं कुणी नव्हतं. रज्जाकनं मेजरची साखळी लगेच महिपतीच्या हाती दिली. टिकलीवर त्याच्या बायकोचा, जैतुनबीचा, जीव जडला होता आणि महिपतीसमोर एखाद्या वस्तूची तारीफ केली की तो ती हमखास टाकून देतो, हे रज्जाकला कोंबड्यांच्या सौद्यापासून ठाऊक होतं.

मेजर वाडीवर आला तो बैलगाडीतून, कारण चढ दिसल्याबरोबर त्यानं बसकण मारली होती. गाव गोळा झालं. भात मोजायचा मोठा काटा काढला, एका पारड्यात मेजर आणि दुसऱ्यात मिठाची गोणी. गोणी वर गेली. असं कुत्रं कुणी पाहिलं नव्हतं. महिपतीला तर आपणच पारड्यात बसलो आहोत असं वाटलं. त्या भरात तो देवळाच्या पायरीवर चढला आणि बोलून गेला.

"जो कोनी ह्या वळूला शिवाराभाईर काढंल, त्यानंच ह्या साली पैला नारळ वाढवावा."

"कोनीबी?" अंबाजीनं विचारलं.

"कोनी का आसंना."

गेणू गुरवानं भैरोबाच्या पायावरचं फूल उचलून त्या शब्दावर ठेवलं. झालं, शब्द देवाचा झाला.

मग खुराक सुरू झाला. सकाळी दूध, दुपारी तुपात कुस्करलेली भाकरी, संध्याकाळी अंडी. हे सगळं करायचं शालूबाईनं, म्हणजे महिपतीच्या बायकोनं. तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

"माज्या बाळंतपनात डिंकाचं लाडू मोजून दिल्यालं तुमी," ती परात पुढं सरकवत म्हणाली. "ह्याचं कोन मोजत न्हाई."

"आगं, तुला काय वळू धरायचा हाय?"

तिनं चुलीत लाकूड सारलं. मेजर जेवून तिच्या चुलीपाशी आडवा व्हायचा आणि असा घोरायचा की फळीवरची भांडी वाजायची.

पहिल्या मोहिमेला सगळा गाव बांधावर बसला होता. वळू अंबाजीच्या हरभऱ्यात होता. महिपतीनं दोर सोडला आणि कुणीतरी हलगीसुद्धा वाजवली. मेजर दमदार पावलं टाकत निघाला, निम्म्या वाटेत थांबला, जीभ बाहेर काढली आणि जवळ सावली शोधू लागला. सावली वळूचीच होती. तो तिथं जाऊन बसला. वळूनं खाली मान घालून त्याचं डोकं चाटलं, आणि मग दोघंही शांत झाले, एक खात आणि एक झोपत. हलगीवाल्याला हलगी कधी थांबवावी ते बराच वेळ कळेना.

लोक हसले, पण महिपती खचला नाही. त्यानं रात्रभर विचार केला आणि सकाळी कारण सांगितलं. "वजन कमी पडलं."

खुराक दुप्पट झाला. आणि तिथून पुढं एक अजब गोष्ट घडू लागली. जितकं तूप जास्त, तितका मेजर बारीक. पंधरवड्यात त्याच्या मानेची पोळी आखडली. महिन्यात पोट वर गेलं. महिपतीची झोप उडाली. नजर लागली, दुसरं काय. त्यानं मीठ-मिरच्या ओवाळून कुत्र्याची दृष्ट काढली आणि मिरच्यांचा ठसका बसला तर म्हणाला, नजर अंबाजीचीच, किती जहाल होती बघ. शेवटी लोकांना दिसू नये म्हणून त्यानं मेजरला पुढच्या दारानं बाहेर काढणंच बंद केलं.

मागच्या दारानं काय चाललं होतं ते त्याला दिसलं नाही, कारण मागच्या दाराशी त्याचं कधी काही काम नसे. शालूबाई परात घेऊन मागं जायची. दूध ती प्यायची, अंडी ती खायची, तूप-भाकरीही तीच. मेजरला उरलेल्या भाकरीचा तुकडा आणि वर माशाचं कालवण असलं तर काटे काढून तेवढं. तिला कुत्र्याच्या वजनातलं काडीचं कळत नव्हतं. तिला तुपातलं कळत होतं. इतकी वर्षं त्या घरात तूप कढवून ते आपल्या जिभेला फक्त पळीच्या टोकानं लागलं, ह्याचा राग तिच्या पोटात होता आणि आता त्याच पोटात तूपही जात होतं. बरं, चुलीपाशी घोरणं नको म्हणून ती मेजरला रोज ओढ्यावर धुण्याला न्यायची, तिथून सरपणाला, तिथून वैरणीला. पहिले काही दिवस तो वाटेत बसायचा. ती थांबायची नाही. मग तो उठून मागं यायला लागला, मग पुढं पळायला लागला.

बायकोचे गाल भरलेले महिपतीला एकदा दिसले होते. घरात तूप कढलं की ते नुसत्या वासानंसुद्धा माणसाच्या अंगाला लागतं, असं त्याला वाटलं, आणि तो विसरून गेला.

जत्रा तोंडावर आली. महिपती देवळाच्या कट्ट्यावर हातपाय गाळून बसला होता. समोर अंबाजी नवा फेटा कसा बांधायचा ह्यावर मोठ्यानं बोलत होता. तेवढ्यात खालच्या वावरातून आरडाओरडा आला. वळू गेणू गुरवाच्या उरल्यासुरल्या हरभऱ्यात शिरला होता. सगळे उठून बांधावर आले, तर ओढ्याकडून शालूबाई येत होती, डोक्यावर धुण्याची पाटी आणि बरोबर मेजर.

वळूनं मान वर केली. जुना मित्र ओळखून तो चाटायला पुढं आला असावा. पण हा मेजर तो नव्हता. तो जमिनीला पोट लावून सरळ शिंगाखालून आत गेला आणि वळूचं नाक त्याच्या जबड्यात आलं. वळूनं एकदा झटका दिला, दुसरा दिला, तिसऱ्याला गुडघ्यावर आला. सगळा गाव श्वास धरून उभा होता. वळूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा लोकांना वाईट वाटलं, पण सोडवायचं कसं ते कुणालाच सुचेना.

"मेजर, सोड," शालूबाई पाटी न उतरवता म्हणाली.

मेजरनं सोडलं. मेजरला मराठी कधी आली, हे महिपतीला कुणी कळवलं नव्हतं. वळू उठला, वळला आणि निघाला. ती "चल" म्हणाली तसा मेजर त्याच्या टाचेशी लागला, आणि ती वरात ओढा ओलांडून, शिवाराचा दगड ओलांडून, पलीकडच्या गावात गेली. वळू पुन्हा आला नाही. पलीकडच्या गावानं काय केलं ते पलीकडचं गाव जाणे.

महिपतीनं त्या रात्री भरपेट जेवण केलं. कुत्रा त्याचा, म्हणजे विजय त्याचा, ह्यात विचारण्यासारखं काय होतं? वजन शेवटी कामाला आलं, असं तो दिसेल त्याला सांगत सुटला.

जत्रेच्या सकाळी तो आजोबांची पगडी घालून देवळात आला आणि नारळासाठी हात पुढं केला. गेणूनं नारळ दिला नाही. तो अंबाजीकडं बघत होता.

"शब्द काय व्हता?" अंबाजी म्हणाला. "जो वळू भाईर काढंल त्याचा नारळ. वळू वैनींनी काढला."

"कुत्रं माजं हाय."

"मंग बोलव बरं त्याला."

मेजर बायकांच्या घोळक्यात शालूबाईच्या पायाशी बसला होता. "मेजर, ये," महिपती म्हणाला. मेजरनं शालूबाईकडं पाहिलं. महिपतीनं पुन्हा हाक मारली, जरा गोडीनं. मेजरनं पुन्हा शालूबाईकडंच पाहिलं. सगळ्या गावानं ते बघितलं.

"बाईमानूस नारळ वाढवत न्हाई," महिपती म्हणाला.

गेणूनं डोळे मिटले. "रीत तशी न्हाई, खरं हाय. पर शब्द रितीचा न्हाई, देवाचा हाय. कोनी का आसंना, आसं म्हनल्यालं तुमी."

अंबाजीला शालूबाईचा मान वाढावा असं मुळीच वाटत नव्हतं. नारळ आपल्याला मिळत नाही तर निदान महिपतीला मिळू नये, एवढीच त्याची भक्ती होती. पण बायकांच्या बाजूनं कुणीतरी शालूबाईला पुढं ढकललं. तिनं पदर खोचला, नारळ घेतला आणि एकाच घावात वाढवला. दोन सरळ भकलं झाली. तेव्हा कुठं महिपतीनं आपल्या बायकोच्या दंडाकडं नीट पाहिलं. भरलेला, गोल, ताकदीचा दंड होता. मेजरच्या अंगावरून उतरलेलं सगळं वजन कुठं गेलं, ते त्याला भर देवळात, एकट्याला कळलं. त्याला राग यायला हवा होता. आली ती लाज.

प्रसादाची रांग लागली. महिपती रांगेत मागं कधी नव्हता, म्हणजे रांगेतच कधी नव्हता. तो आता अंबाजीच्या मागं उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं दोन्ही हात पुढं केले, आणि शालूबाईनं त्यावर खोबऱ्याचा एक तुकडा ठेवला, सगळ्यांना दिला होता तेवढाच. तो तिथंच थांबला. काहीतरी बोलावं असं त्याला फार वाटत होतं.

शालूबाईनं मान वर न करता पुढचा तुकडा उचलला.

"सरा म्होरं," ती म्हणाली. "मागं लोकं खोळंबल्यात."