उत्तरेकडची रिकामी जागा

अमेरिकेतल्या श्रूजबरीपासून अर्ध्या तासावरच्या त्या खेड्यात सुनेत्राला राहायला येऊन नऊ वर्षं झाली होती, आणि गावाने तिला आपलं म्हटलं ते चर्चमुळे. निदान तिची तरी तशी समजूत होती. इंग्लंडहून आलेल्या शेतकऱ्यांनी बांधलेलं ते अडीचशे वर्षांचं लाकडी चर्च. त्याचा इतिहास लिहायचं काम चर्चचा कारभार पाहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या डोरथीबाईंनी आपण होऊन तिला दिलं, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं.

"लष्करच्या भाकऱ्या भाजायची हौसच आहे तुला, यार," तिचा नवरा श्रीरंग म्हणाला. पण ऐकेल ती सुनेत्रा कसली! चार वर्षं दर शनिवारी ती आवारातल्या थडग्यांपुढे गुडघे टेकून बसली. मऊ ब्रशने शेवाळ काढायचं आणि दगडावरचं नाव उतरवायचं. चारशे बारा नावं झाली. उत्तरेच्या बाजूला नुसतं गवत होतं.

"तिथे काही नाही गं," डोरथीबाई म्हणाल्या होत्या. दगड नाही म्हणजे माणूस नाही, असं धरून सुनेत्राने पुस्तकासाठी काढलेल्या आवाराच्या नकाशावर लिहिलं, 'रिकामी जागा', आणि खाली सही ठोकली.

रविवारी प्रार्थनेनंतर तिच्या पुस्तकाचं कौतुक झालं. मग चर्च समितीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, की सुनेत्राच्या नकाशामुळेच विक्रीची परवानगी मिळाली आणि उत्तरेची जागा घरं बांधणाऱ्या कंपनीला विकली. टाळ्या झाल्या. एक म्हातारा तेवढा टाळ्या न वाजवता तिच्याजवळ आला.

"माझी आजी आहे तिथे," तो म्हणाला. "ज्यांना कोणी नव्हतं, त्यांना तिकडेच पुरायचे. दगड कोण लावणार? डोरथीच्या वडिलांनीच खड्डे खणले. नावं वहीत लिहून ठेवायचे ते."

सुनेत्राच्या पायाखालची जमीन सरकली. ती तडक डोरथीबाईंकडे गेली. त्या कॉफी ओतत होत्या.

"ती वही कुठे आहे?"

"माझ्या घरी. कपाटात."

"चार वर्षं तुमच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलं मी! एकदाही दाखवली नाहीत. फसवलंत मला." तिला रडू आवरेना. "आणि मीच का? गावात माणसं नव्हती?"

डोरथीबाईंनी तिचा हात थोपटला, अगदी मायेने.

"गावातल्या कुणाला हे काम सांगितलं असतं, तर त्याला तिथलं माहीत असतं ना, सुनेत्रा."