शब्बाथला दाबलेलं बटण

सोळा वर्षांच्या हिंदाने शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या पवित्र विसाव्याच्या दिवशी मनोरुग्णालयातल्या आपल्या खोलीचा दिवा स्वतःच्या हाताने लावला, आणि डॉक्टर गिलाद खूश झाले.

"बघितलंत सिस्टर? सुटतेय पोरगी त्या सोवळ्यातून!"

कप्पाळ सुटतेय. मी बनेई ब्राक गावातल्या तसल्याच कर्मठ ज्यू घरात वाढलेय. शब्बाथला आम्ही बटणाला बोटसुद्धा लावत नाही. दाखल झाली तेव्हा हिंदा मला म्हणाली होती, "मरावंसं रोज वाटतं. पण तो वरून बघतोय ना, म्हणून थांबलेय."

"डॉक्टर, तिला धरून ठेवणारं तेवढंच होतं," मी म्हणाले. "आजपासून पहारा वाढवा."

"तुमचे वडील अजून तुमच्या तोंडून बोलतात," ते हसले, आणि तिच्या दारातली माझी पहाऱ्याची खुर्ची उचलायला सांगितली.

मी उचलली नाही. तिथेच बसून विचारलं, "दिवा का लावलास गं?"

"काही होतंय का बघत होते." ती अगदी शांत होती. "काहीच झालं नाही. वर कुणी नाहीये, सिस्टर."

रविवारी तिची आई आली. तिला मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती पांढरीफटक पडली. माझा हात तिने घट्ट धरला. मला वाटलं, अखेर बाईला पाझर फुटला.

"दिवा लावताना आपल्यातल्या कुणी पाहिलं नाही ना?" ती कुजबुजली. "थोरलीचं लग्न जमत आलंय हो."