कंपनीनं न दिलेली फळी

महानंदाबाईंनी निऱ्या सावरल्या, नवऱ्याच्या खांद्याला धरून एका बाजूनं सीटवर बूड टेकलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं पाय फळीवर सोडले. फळी नव्हती. पाय तसेच लोंबले, एक चप्पल धुळीत पडली आणि मांडीवरच्या पिशवीतला नारळ गडगडत नालीच्या कडेला जाऊन थांबला.

“अवं, फळी कुठं गेली?”

मल्लिनाथअप्पांनी मागं वळून न बघता टाकीकडं बघितलं. सहा महिन्यांनी त्यांची राजदूत मोटारसायकल दस्तगीर मिस्त्रीच्या गॅरेजातून नवी होऊन कालच घरी आली होती. टाकीच्या काळ्या रंगात अप्पांना स्वतःच्या मिशा दिसत होत्या, आणि कालपासून ते दुसरीकडं फारसं कुठं बघतच नव्हते.

“काढली,” ते म्हणाले. “बीडच्या प्रदर्शनात लावायची हाय गाडी. जुन्या गाड्यांच्या. आपल्या रवीनं नियम वाचले. कंपनीनं दिलंय तेवढंच ठेवायचं. फळी काही कंपनीनं दिली नव्हती.”

“कंपनीनं मलाबी दिलं न्हाई. मलाबी काढा.”

त्या उतरल्या, नारळ पदरानं पुसला आणि परळीला वैजनाथाच्या दर्शनाला एसटीनं गेल्या. दर सोमवारी दोघं राजदूतवरून जात. त्या सोमवारी अप्पा देवाला गेलेच नाहीत. चाकाच्या तारा पुसत बसले.

फळीची गोष्ट अशी. रवी पोटात असताना महानंदाबाई गावातच, घाटनांदुरच्या पेठेच्या वळणावर, गाडीवरून घसरल्या होत्या. काही झालं नाही, पण अप्पांनी गाडी तशीच ढकलत दस्तगीरकडं नेली. दस्तगीरनं तेव्हा नुकतंच वेल्डिंग मशीन घेतलं होतं. मोडक्या कुळवाच्या पातीतून त्यानं दोन्ही पाय मावतील अशी फळी कापली आणि डाव्या बाजूला जोडून दिली. त्याच फळीवर पाय ठेवून महानंदाबाई बाळंतपणाला अंबाजोगाईला गेल्या आणि रवीला मांडीवर घेऊन परत आल्या. आता तोच रवी पुण्यात बसून आईचे पाय नियमात बसत नाहीत असं कळवत होता.

रविवारी गाडी टेम्पोतून बीडला गेली. अख्खा जिल्हा पालथा घातलेल्या गाडीच्या टायरला धूळ लागू नये म्हणून! महानंदाबाई ड्रायव्हरशेजारी बसल्या. नवऱ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघायला जायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं.

पुण्याहून आलेले परीक्षक गाडीपुढं उकिडवे बसले. त्यांनी कार्बोरेटर बघितला, हेडलाइटची काच बघितली, आणि डाव्या बाजूला, जिथं फळीची वेल्डिंग होती, तिथं बोट फिरवलं.

“सुंदर. इथं काही गावठी जोडकाम असतं बऱ्याचदा.”

“होतं,” अप्पा म्हणाले. “काढून टाकलं.”

महानंदाबाईंनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

‘मूळ स्वरूप’ या गटात राजदूतला पहिला नंबर मिळाला. अप्पा माइकसमोर उभे राहिले आणि छापील मराठीत म्हणाले, “ही गाडी माझ्या संसाराची साक्षीदार आहे.” टाळ्या पडल्या. संसाराची दुसरी साक्षीदार तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

बक्षीस म्हणून ढाल मिळाली. चांगली जाड, पोलादी. परतताना अप्पांनी ती कौतुकानं बायकोच्या मांडीवर दिली. महानंदाबाईंनी तिच्यावरची अक्षरं वाचली नाहीत. त्यांनी वीत लावली. एकदा आडवी, एकदा उभी.

रात्री गाडी दस्तगीरच्याच गॅरेजात उतरवली, कारण प्रदर्शनातल्या लोकांच्या बोटांचे ठसे पुसायचं पॉलिश तिथं होतं.

सोमवारी अप्पा अंघोळीला बसले तशा महानंदाबाई पिशवी घेऊन गॅरेजात पोचल्या.

“दस्तगीरभाई, माजी फळी द्या.”

“भाभी, ती भंगारात गेली,” दस्तगीर म्हणाला. नजर जमिनीवर. “माझी वेल्डिंग चाळीस वर्षं हालली न्हाई. कापताना मलाच लई वंगाळ वाटलं. पण अप्पा म्हणले काप. कापली.”

महानंदाबाईंनी नारळाखालून ढाल काढली आणि त्याच्या बाकड्यावर ठेवली.

दस्तगीरनं तिच्यावर टिचकी मारली. आवाज ऐकला.

“माल चांगला हाय,” तो म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आलं. “अप्पांना इचारलंय का?”

“फळी काढताना त्यांनी मला इचारलं का?”

दस्तगीरनं वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला.

कपाळाला विभूती लावून अप्पा गाडी न्यायला आले, तेव्हा काम झालं होतं. जोडाभोवतीचा रंग जळून करपला होता आणि डाव्या बाजूला ढाल आडवी बसली होती, अक्षरं वर. दस्तगीर उगाचच एक नट शोधत होता. महानंदाबाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. आठवडाभर साठवलेलं एकेक वाक्य ओठांपर्यंत आणून ठेवलेलं होतं.

अप्पा गुडघ्यांवर हात ठेवून हळूच खाली बसले. करपलेल्या रंगावरून त्यांनी बोट फिरवलं. ढालीवरची अक्षरं वाचली, जणू पहिल्यांदाच. मग त्यांनी अंगठा ढालीच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेला आणि एके जागी थांबवला.

“दस्तगीर,” ते म्हणाले, “ही कड घासायची राहिली बे. लुगडं अडकंल हिचं.”

दस्तगीरनं कानस आणली. ती खरखर संपेपर्यंत तिघांपैकी कुणीच कुणाकडं बघितलं नाही.

अप्पांनी किक मारली, सीटवर बसले आणि नेहमीसारखी गाडी थोडी डावीकडं कलती केली. महानंदाबाई चढल्या. चपला चांगल्याच धुळीनं भरल्या होत्या. त्यांनी त्या झटकल्या नाहीत. एक पाय ‘मूळ’वर ठेवला, एक ‘स्वरूप’वर, आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात जरा जोरातच दाबला.

“चला आता,” त्या म्हणाल्या. “देव काय आपल्यासाठी थांबून न्हाई.”