दुखेनासं झालं तेव्हा

ताईने देवाशी सौदा केला होता आणि मला विचारलंही नव्हतं. तिच्या पोटातला आजार हाताबाहेर गेलाय, आता फक्त दुखणं कमी करायचं, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगून थेंबांची बाटली दिली. आमच्या बाईसाहेब तिला हात लावायला तयार नाहीत. कारण काय, तर लेकीला सातवा महिना. तिची आधीची दोन पोटातच गेली. "जे काय दुखायचं ते मला दुखू दे, तिचं मूल जगू दे," असं हिने वर कळवून टाकलेलं.

"आणि वरून होकार आला का?" मी विचारलं.

"दुखतंय ना," ती म्हणाली. "म्हणजे घेतोय तो."

कपाळ माझं! आम्ही दोघी बहिणी पडदे शिवतो. दुकान पुढे, घर मागे. मी कापायचं, तिने शिवायचं. भावोजी गेले, माझं लग्न मोडलं, पण कात्री आणि मशीन यांची कधी अदलाबदल झाली नाही. तिने अंथरूण धरलं तशी कापलेल्या कापडांची चळत वाढत गेली आणि गिऱ्हाईकं माझं डोकं खायला लागली. तेही चाललं असतं. पण ती उशीचा कोपरा दातात धरून कण्हायची, आणि विचारलं की, "काही नाही ग, तू तुझं काम कर." ते मला बघवेना. माझं आणि देवाचं मुळात जमत नाही. एका बाळासाठी म्हातारीला पिळून काढणाऱ्याशी कोणाचं जमेल?

शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते तेवढे थेंब मी गुपचूप तिच्या चहात घालायला लागले. साखर जरा जास्त घालून.

"एवढा गोड का ग?"

"जीभ गेलीय तुझी," मी ठणकावून सांगितलं. मला जराही वाईट वाटलं नाही. ती शांत झोपली, मीही झोपले.

दोन-तीन दिवसांनी एका गिऱ्हाईकाला कापड दाखवत होते, तर आतून मशीनचा आवाज आला. माझं काळीज सुपाएवढं झालं! "ताई उठली हो!" मी त्या अनोळखी माणसाला सांगितलं. तोही बिचारा हसला.

आत गेले तर ताई घामाने निथळत होती. सगळ्यात जाड कापड दुहेरी करून सुईखाली रेटत होती, पोट मशीनच्या कडेला दाबून. चेहरा रडून लाल.

"अग वेडे, काय करतेस?"

"दुखतच नाही ग," ती म्हणाली. "काल नाही, आज नाही. त्याने घेणं बंद केलं. पोरीचं काहीतरी झालंय आणि तू लपवतेयस."

"काही झालेलं नाही! सकाळीच बोलले मी तिच्याशी."

"मग होणार आहे." आणि ती पुन्हा पाय मारायला लागली.

मी मशीनचं चाक धरलं. मग सगळं सांगितलं, चहाचं, थेंबांचं. वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. तर ती एकदम हसायला लागली. कित्येक महिन्यांत तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

"तू होय! मेले, जीव घेतला असतास माझा. मला वाटलं, त्याने."

मला मात्र रडू फुटलं, रागाने. "आणि एवढं सोसून मूल नाही राहिलं तर? मग काय करशील?"

मला वाटायचं, हे तिच्या मनातही आलं नसेल. पण उत्तर तयार होतं.

"मग ती बाटली मला दे," ती म्हणाली. "सगळी."

कसंबसं तिला धरून अंथरुणावर नेलं. संध्याकाळी दुखणं परत आलं. "आलं," ती पुटपुटली आणि उशी दातात धरली. मी साधा चहा करून आणला. तिने कप माझ्यापुढे केला, "आधी तू पी." मी प्यायले, मग तिने घेतला.

मी तिथेच बसले तिचा हात धरून. तो हात कळ आली की माझी बोटं मोडतील इतका आवळायचा. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या वरच्याशी बोलले. म्हटलं, घेतोयस ना, मग नीट घे. हिचं एवढंसं जरी फुकट घालवलंस, तर गाठ माझ्याशी आहे.