तीन नंबरचं गोड पाणी

बीरगांवच्या त्या पेट्रोल पंपावर क्षमा दर महिन्याला जायची, आणि दर महिन्याला तीन नंबरची विहीर तिला वाकुल्या दाखवायची.

विहीर म्हणजे रहाट-पोहऱ्याची नव्हे. भूजल तपासायला जमिनीत खोल उतरवलेला वीतभर रुंदीचा पाइप, वर झाकण; आवारात असे चार. पंपाची जमिनीखालची टाकी झिरपून पेट्रोल भूजलात उतरलं होतं, आणि मागच्या गल्लीतल्या सुशीलाबाईंच्या बोअरवेलला सरकारी सील लागलं होतं. साफसफाईचं काम क्षमाच्या कंपनीकडे आलं. गळकी टाकी काढली, वास मारणारी माती उचलली, जमिनीत हवा फुंकली, तेल खाणाऱ्या जंतूंना खत घातलं. चारपैकी तीन विहिरी सुधारल्या. तीन नंबर आठ महिने झाले तरी हटून बसलेली.

तोवर पंप बंद. शेठ रोज फोनवरून मॅनेजर श्यामकांतच्या डोक्यावर मिऱ्या वाटायचे. हा श्यामकांत गोंदियाकडचा, पंचावन्न वर्षांचा, बोलण्यात पटाईत आणि उन्हाचा वैरी.

मे महिन्यात क्षमा नमुने घ्यायला आली, तर तो चक्क बाहेर उभा!

"आज तीन नंबर पास होते पाहा, मॅडम. मले सपनात दिसलं."

क्षमानं पाइपात फीत सोडली. पाणी हातभर वर चढलेलं. पावसाचा थेंब नाही आणि पाणी वर? थोडं काढून तिनं क्षारांचं मीटर बुडवलं. इथल्या पाण्यात आकडा सहाशेच्या खाली कधी येत नाही. आज आला चाळीस. एवढं गोड पाणी फक्त विकतच्या जारात मिळतं. तिनं मान वर केली. ऑफिसच्या भिंतीला लागून बारा निळे जार पालथे घातलेले.

तिचा ड्रायव्हर तुळशीराम यानंही ते पाहिलं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात क्षमानं त्याला डोळ्यानंच दटावलं. रागवायला कारण होतं. पण गंमत करायची संधी वाया घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"काका, कमाल झाली! आपल्या जंतूंनी तेल तर खाल्लंच, क्षारही चाटूनपुसून साफ केले."

"मग भरा ना बाटली," श्यामकांत हरखला.

"भरते की. आधी पाइपात साचलेलं पाणी उपसून टाकायचं, खालून ताजं आलं की मग बाटली. नियमच आहे तो."

श्यामकांतचा चेहरा पडला. "दर वेळी उपसता?"

"दर वेळी. तुम्ही तेव्हा कूलरसमोर असता." मग ती हळहळत म्हणाली, "पण आज बिचाऱ्या तुळशीरामची कंबर धरली आहे."

तुळशीराम क्षणात वाकला. "हव दीदी, बहुत पिरावत हे," कंबर चोळत तो आपल्या बोलीत कण्हला.

उपसलेलं पाणी जमिनीवर ओतायला मनाई. ते साठवायचा ड्रम आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. बादल्या श्यामकांतच्या हातात आल्या. छोटा पंप घुरघुरू लागला. प्रत्येक बादलीला क्षमा मॅचचा स्कोअर सांगावा तसा आकडा पुकारत होती. "चाळीस! नव्वद! दोनशे दहा!" पाचव्या बादलीला पेट्रोलचा वास आला. दहाव्या बादलीला श्यामकांतनं नाक मुरडलं आणि ड्रमला टेकून मटकन बसला.

"काहून जीव घेऊन राहिल्या, मॅडम?"

"किती जार ओतले?"

"बारा," तो खाली पाहत म्हणाला. "सकाळी खांद्यावर वाहून आणले. आता तेच पाणी पुन्हा मीच वाहून राहिलो."

क्षमाला हसू आवरेना. तुळशीराम तर कंबरदुखी विसरून खो-खो हसला. शेवटी श्यामकांतही हसला, आणि हसता हसता बोलून गेला, "अन् कितीही उपसा, ही सुधरतच नाही. त्या कोपऱ्यातल्या टायरवाल्याच्या शेडखाली अजून एक टाकी आहे, जुनी. मोठ्या शेठनं, म्हणजे शेठच्या बापानं बुजवली, रिकामी न करताच."

मग त्यानं जीभ चावली. "पोरी, माह्यं नाव नको घेऊ. शेठ मले कच्चा खातील."

आठ महिने क्षमा ज्या कोड्याशी झुंजत होती, त्याचं उत्तर या माणसाच्या पोटात होतं! अहवालात तिनं लिहिलं, 'पाइपात बाहेरचं पाणी शिरल्यानं नमुना घेतला नाही.' कसं शिरलं, ते लिहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती जमिनीखालचं दाखवणारं, चाकांवरचं यंत्र घेऊन आली. शेठही हजर. जिथं काही नाही हे ठाऊक होतं, तिथं तिनं तासभर गंभीरपणे यंत्र फिरवलं आणि मग वळली शेडकडे. पडद्यावर टाकीच्या पाठीसारखी कमान उमटली.

"यहाँ क्या है?" शेठनं चपापून विचारलं.

"क्या मालूम सेठ," श्यामकांत देवळातल्या नंदीसारखा निरागस, "मशीन बोल रही है."

टाकी निघाली ती गंजून चाळणी झालेली, तळाशी अजून काळा राडा. ती गेल्यावर तीन नंबरचा हट्ट महिन्यामहिन्यानं उतरला, आणि पाचव्या महिन्यात ती खरोखरची पास झाली.

सुशीलाबाईंच्या बोअरवेलचं सील काढलं, तेव्हा श्यामकांत सगळ्यांच्या पुढे. बाईंनी विचारलं, "भैया, ती टाकी सापडली तरी कशी?"

"अहो, मशीन अशी किंचाळली," तो हात पसरून सांगू लागला, "का टायरवाला शेड सोडून पळाला!"

मशीनला आवाजच नव्हता. क्षमा बाजूला उभी राहून होकारार्थी मान हलवत होती.